जुन्या गाडीची सीट काढताना आणि परत बसवताना

गाडीची पुढची सीट चार बोल्टांवर उभी असते, त्यामुळे ती काढणे हे अर्ध्या तासाचे काम वाटते, आणि पहिल्या तीन बोल्टांपर्यंत ते खरोखरच तेवढे असते. चौथा बोल्ट मात्र वीस-पंचवीस वर्षे कार्पेटखालच्या ओलीत बसलेला असतो. त्याचे डोके गोल होते किंवा तो मधूनच तुटतो, आणि रविवारी सकाळी उत्साहाने पाना हाती घेतलेल्या माणसाची गाडी संध्याकाळी चालकाच्या सीटविना सोसायटीच्या आवारात उभी राहते. याहून वाईट चूक सीट परत बसवताना होते, कारण ती वरून दिसत नाही. बोल्ट आट्यांत तिरका शिरतो, पान्याला घट्ट लागल्यासारखा वाटतो, आणि सीट प्रत्यक्षात दोन-तीन आट्यांच्या भरवशावर राहते.

मारुती ८००, झेन, जुनी ऑल्टो, सँट्रो, इंडिका अशा हाताने सरकवायच्या सीटांच्या गाड्या डोळ्यांसमोर ठेवून पुढील क्रम लिहिला आहे. ज्या सीटच्या पाठीच्या कडेला एअरबॅगची खूणचिठ्ठी शिवलेली आहे, त्या सीटला घरी हात लावू नये. ते काम प्रशिक्षित कारागिराचे आहे.

१. काम ठरवण्यापूर्वी पाहायच्या गोष्टी

सीट कशासाठी काढायची आहे हे आधी नक्की करावे. नुसते सीट कव्हर बदलायचे असेल, तर बहुतेक वेळा सीट काढावी लागत नाही. कार्पेट वाळवणे, तळाच्या पत्र्याचा गंज काढणे, सीट ज्यांवर पुढे-मागे सरकते त्या रेल दुरुस्त करणे किंवा कुशनवाल्याकडे फोम बदलायला देणे, यांसाठी मात्र ती काढावीच लागते. हे काम आषाढ-श्रावणात काढू नये. दमट हवेत कार्पेटखालचा नमदा वाळत नाही आणि उघड्या पत्र्यावर दोन दिवसांत नवा तांबूस थर दिसू लागतो. ऑक्टोबरचे ऊन किंवा होळीनंतरचे दिवस या कामाला योग्य.

सीटखाली काय आहे हेही गाडीगणिक बदलते. मारुती ओम्नीत पुढच्या सीटांखाली इंजिन आहे, जुन्या सीजे घडणीच्या जीपमध्ये चालकाच्या सीटखाली पेट्रोलची टाकी असते, आणि जुन्या फोक्सवॅगन बीटलमध्ये मागच्या बाकाखाली बॅटरी असते. अशा ठिकाणी सीटचे धातूचे स्प्रिंग बॅटरीच्या टर्मिनलला लागून आग लागू शकते, त्यामुळे आधी खाली वाकून टॉर्चने पाहावे आणि मगच पाना लावावा.

२. आदल्या दिवसाची तयारी

या कामातला सर्वांत महत्त्वाचा तास आदल्या दिवशीचा असतो, आणि नेमका तोच बहुतेक जण वगळतात.

सीट पूर्ण पुढे सरकवून मागचे दोन बोल्ट आणि पूर्ण मागे सरकवून पुढचे दोन बोल्ट शोधावेत. रेलच्या टोकांवर प्लॅस्टिकची टोपणे असतील, तर ती चपट्या स्क्रू ड्रायव्हरला कापड गुंडाळून हलकेच उचकटावीत. जुने प्लॅस्टिक ठिसूळ झालेले असते. बोल्टच्या डोक्याभोवती वाळलेला चिखल, बिस्किटांचा चुरा आणि केस यांचा एक कडक थर असतो. तो दात घासायच्या जुन्या ब्रशने आणि टाचणीने कोरून काढावा, कारण त्या थरामुळे सॉकेट (डोक्यावर टोपीसारखा बसणारा पाना) पूर्ण खाली बसत नाही, आणि अर्धवट बसलेले सॉकेट बोल्टचे डोके गोल करते.

आता गाडीच्या खालची बाजू. अनेक गाड्यांत बोल्टचे टोक तळाच्या पत्र्याला वेल्ड केलेल्या नटातून खाली बाहेर डोकावते आणि रस्त्यावरचा चिखल वर्षानुवर्षे अंगावर घेत राहते. बोल्ट वर सोडवू लागलो, की हेच गंजलेले टोक नटाच्या चांगल्या आट्यांतून ओढले जाते आणि तिथे अडकते. बोल्ट तुटण्याचे खरे कारण बहुधा डोक्याकडे नसून या टोकाकडे असते. म्हणून गाडी पिटवर किंवा भक्कम जॅक स्टँडवर घेऊन ती टोके तारेच्या ब्रशने स्वच्छ घासावीत आणि त्यांवर गंज सोडवणारे तेल मारावे. टोक दिसत नसेल, तर नट आडव्या पेटीसारख्या पट्टीच्या आत आहे असे समजावे आणि वरून बोल्टच्या मुळाशी तेल सोडावे. रात्री एकदा आणि सकाळी एकदा, अशा दोन फेऱ्या कराव्यात. केरोसीन किंवा डिझेल नाइलाजाने चालते, पण त्याचा वास कार्पेटमध्ये महिनाभर राहतो.

सावधान: नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जाऊ नये, एका मिनिटासाठीही नाही.

३. हत्यारे

सहा कोनांचे सॉकेट घ्यावे, बारा कोनांचे घेऊ नये. बारा कोनी सॉकेट जुन्या बोल्टचे कोपरे खाते. जपानी घडणीच्या गाड्यांत ८ मिमी जाडीच्या बोल्टला सहसा १२चा पाना लागतो आणि १० मिमीच्या बोल्टला १४चा. तुमच्या गाडीत एका बोल्टला १३चा किंवा १७चा पाना लागत असेल, तर तो बोल्ट पूर्वी कोणीतरी बदललेला असण्याची शक्यता मोठी आहे, आणि तो बोल्ट सर्वांत जपून काढावा. अँबॅसेडरसारख्या ब्रिटिश घडणीच्या गाडीत इंची माप भेटते. तिथे जवळपासचा मिलिमीटरचा पाना लावणे म्हणजे डोके गोल करण्याची हमीच.

याशिवाय लांब दांड्याचा पाना, १० सेमी आणि २० सेमीची एक्स्टेन्शन, रॅचेट, शक्य असल्यास टॉर्क पाना (किती जोराने आवळले ते मोजणारा), हातमोजे, एक जाड जुनी चादर आणि चार लहान डब्या लागतील. चार डब्या यासाठी, की पुढचे आणि मागचे बोल्ट कित्येकदा वेगवेगळ्या लांबीचे असतात, आणि कोणता कुठला हे संध्याकाळी कोणालाच आठवत नाही.

४. फोटो, बॅटरी, वायरी

सीट हलवण्यापूर्वी फोटो काढावेत: दोन्ही रेलांची चारही टोके, बेल्टचे बकल कोणत्या बाजूने वर येते, वायर कुठून जाते. चालकाच्या सीटची नेहमीची खाच मोजून ठेवावी.

इग्निशन बंद करून बॅटरीचा निगेटिव्ह काढावा. बहुतेक छोट्या गाड्यांत त्याला १०चा पाना लागतो. सीटखाली बेल्टच्या सूचनादिव्याची वायर असेल, तर तिच्या जोडणीची कुलूपपट्टी दाबून ती सोडवावी, वायर धरून ओढू नये. गाडीत स्टीअरिंगमधील एअरबॅग असेल, तर वायर सुटलेली असताना इग्निशन चालू करू नये. काही गाड्यांत सूचनादिवा पेटतो आणि तो घालवण्यासाठी स्कॅनरवाल्याकडे जावे लागते.

बेल्टचे बकल काही गाड्यांत दोन सीटांमधल्या पत्र्याच्या उंचवट्याला, म्हणजे बोगद्याला, लावलेले असते, तर काहींत सीटच्या सांगाड्याला. सांगाड्याला असेल तर ते सीटबरोबर बाहेर येऊ द्यावे, सोडवू नये.

५. बोल्ट सैल करण्याचा क्रम

एक बोल्ट पूर्ण काढून मग दुसऱ्याकडे वळणे ही सर्रास होणारी चूक आहे. चारही बोल्ट आधी फक्त पाव फेरा सैल करावेत आणि चारही सुटतात याची खात्री झाल्यावरच पहिला बोल्ट बाहेर काढावा. याची कारणे दोन. तीन बोल्ट निघाले की सीटचा सगळा भार चौथ्यावर तिरका पडतो आणि आधीच अडलेला बोल्ट आणखी अडतो. दुसरे कारण अधिक व्यवहारी आहे: एखादा बोल्ट सुटलाच नाही, तर बाकीचे तीन पुन्हा आवळून गाडी चालवत गॅरेजपर्यंत नेता येते.

सीट पुढे सरकवून आधी मागचे दोन बोल्ट घ्यावेत, कारण तिथे पाय ठेवणाऱ्यांच्या चपलांचे पाणी उतरते आणि अडायचे असेल तर तेच अडतात. सॉकेट हाताने दाबून पूर्ण बसवावे, त्यावर एका हाताचा तळवा ठेवावा आणि दुसऱ्या हाताने दांडा सावकाश ओढावा. झटके देऊ नयेत.

बोल्ट कसा बोलतो ते ओळखता आले पाहिजे. निरोगी बोल्ट एकदम ‘टक्’ करून सुटतो आणि मग मोकळा फिरतो. गंजलेला पण सुटू पाहणारा बोल्ट चर्र आवाज करत जड फिरतो. त्याला तेल आणि वेळ दिला की तो येतो. तिसरा प्रकार धोक्याचा आहे: आवाज काहीच नाही, पाना फिरतो आहे, पण गुळाच्या पाकात डाव फिरवल्यासारखा मऊ वाटतो. याचा अर्थ आटे सुटत नसून बोल्टच पिळवटतो आहे. त्याच क्षणी थांबावे.

तपासणी: चारही बोल्ट पाव फेरा हलले का? एकही शंकास्पद असेल, तर पुढची पायरी वाचून मगच पुढे जावे.

६. बोल्ट अडला तर

प्रथम तो थोडा आवळावा. हे उलटे वाटते, पण आवळण्याच्या दिशेला गंजाचा थर फुटतो आणि तेलाला वाट मिळते. मग पाव फेरा सोडवावा, पुन्हा थोडा आवळावा, तेल सोडावे, असे पुढेमागे करत न्यावे. दर दोन फेऱ्यांनी दहा मिनिटे थांबावे. बोल्टच्या डोक्यावर हातोडीचे तीन-चार ठोके सरळ खाली द्यावेत. कंपनाने गंज मोकळा होतो. मी एका बोल्टवर अख्खी दुपार घालवली आहे, आणि घाई करून मोडलेल्या दुसऱ्या बोल्टवर पुढचे दोन रविवार, त्यामुळे कोणता सौदा स्वस्त ते मला विचारू नका.

ज्योत लावून बोल्ट तापवण्याचा सल्ला अनेक जण देतात. गॅरेजमध्ये उघड्या चॅसिसवर तो ठीक आहे, पण इथे बोल्टच्या भोवती कार्पेट, नमदा, वायरी आणि तेलाने भिजलेली जागा असते, आणि पत्र्याच्या पलीकडे पेट्रोल व ब्रेकच्या नळ्या असू शकतात. घरी ज्योत वापरू नये.

बोल्ट नुसता गोल फिरत राहिला आणि वर येईना, तर खालच्या नटाचे वेल्ड सुटलेले आहे. नट खालून दिसत असेल, तर दुसऱ्या माणसाने तो रिंग पान्याने धरावा. दिसत नसेल, तर रेलच्या पायाखाली स्क्रू ड्रायव्हर सरकवून बोल्टला वरच्या दिशेने ताण द्यावा आणि त्याच वेळी पाना फिरवावा. कधी कधी तेवढ्यावर तो येतो. नाही आला तर हे वेल्डरचे काम आहे. बोल्ट तुटलाच, तर ड्रिल चालवण्यापूर्वी गाडीखाली जाऊन त्या जागेच्या पलीकडे काय आहे ते पाहावे. ब्रेकच्या नळीला पडलेले भोक बोल्टपेक्षा फार महाग पडते.

७. सीट बाहेर काढणे

बोल्ट बाहेर काढण्यापूर्वी सीट मधल्या खाचेत आणून दोन्ही बाजूंची कुलपे बसली आहेत हे पाहावे. कुलूप न लागलेली सीट उचलली, की रेलचा खालचा भाग स्प्रिंगच्या ओढीने सटकन सरकतो आणि बोट मध्ये सापडते. हेडरेस्ट निघत असेल तर काढावे, पाठ सरळ करावी आणि दाराच्या उंबऱ्यावर व दाराच्या आतल्या भागावर चादर टाकावी. रेलच्या कडा धारदार असतात. सीट बाहेर नेताना रंगावर उठणारा पांढरा ओरखडा बहुतेक वेळा त्यांचाच असतो.

सीट आधी पुढच्या बाजूने उचलून मागे कलती करावी, खाली डोकावून एखादी वायर राहिली नाही ना ते पाहावे, मग तिरकी फिरवत पाठीकडून किंवा पायांकडून, जशी जागा मिळेल तशी, दारातून काढावी. दोघे जण असावेत; वजनापेक्षा अडचणीच्या जागी वाकून उचलण्याने कंबर धरते.

मागचा बाक काढणे तुलनेने सोपे आहे. त्याची गादी पुढच्या काठाला बोल्टांनी किंवा क्लिपांनी अडकवलेली असते. क्लिपा असतील तर एका टोकाशी जोरात वर उचलल्यावर ती सुटते. परत बसवताना मागच्या बेल्टांची बकले गादीखाली दाबली जातात आणि पुढची कित्येक वर्षे तिथेच राहतात, एवढीच एक चूक टाळावी.

८. सीटखालची जागा

सीट निघाल्यावर नाणी, पिना, चिंचोके आणि हरवलेली फास्टॅगची पावती मिळते. पण पाहायचे ते पत्र्याकडे. कार्पेट उचलून नमदा हाताने दाबावा. पाणी आले, तर ते कुठून आले हे शोधल्याशिवाय सीट परत बसवू नये. पुढच्या काचेचे रबर, ब्लोअरची हवा घेण्याची जागा आणि दारांच्या तळाशी बुजलेली निचऱ्याची भोके हे नेहमीचे संशयित आहेत. ओल चिकट असेल आणि गोडसर वास येत असेल, तर ते पावसाचे पाणी नसून हीटरमधून गळलेले कूलंट आहे.

स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने बोल्टांच्या भोकांभोवतीचा पत्रा ठोकून पाहावा. खणखणीत आवाज आला तर पत्रा शाबूत आहे. आवाज बद येत असेल किंवा पापुद्रे सुटत असतील, तर त्या जागी वेल्डरने पत्रा बदलल्याशिवाय सीट लावू नये. धडकेच्या वेळी माणसाचा आणि सीटचा भार याच चार जागांवर येतो. वरवरचा गंज तारेच्या ब्रशने आणि घासकागदाने काढून रेड ऑक्साइड व वरून रंग द्यावा, मात्र बोल्टच्या भोकांत रंग जाऊ देऊ नये.

नटांचे आटे साफ करण्यासाठी योग्य मापाचा टॅप (आटे पाडायचे हत्यार) वापरावा. टॅप नसेल, तर त्याच गाडीचा चांगला जुना बोल्ट घेऊन त्याच्या आट्यांवर आरीपात्याने लांबीच्या दिशेने दोन चर पाडावेत आणि तो तेल लावून हाताने आतबाहेर फिरवावा. घाण त्या चरांत साठते. हा आटे साफ करण्याचा उपाय आहे, गेलेले आटे पाडण्याचा नाही.

९. रेल आणि बोल्ट

रेलवरचे काळे, वाळूमिश्रित जुने ग्रीस केरोसीनने पूर्ण धुऊन काढावे. जुन्यावर नवे थापले की घासकागदाचाच लेप तयार होतो. कोरडे झाल्यावर लिथियम ग्रीसचा पातळ हात द्यावा. दोन्ही कुलपांना जोडणारी तार किंवा सळई तपासावी: लीव्हर सोडल्यावर दोन्ही बाजूंचे दात एकाच वेळी बसले पाहिजेत. दोन्ही रेलांवर मागे उरलेल्या खाचा मोजाव्यात. एकीकडे सात आणि दुसरीकडे आठ भरल्या, तर सीट वाकडी बसेल आणि एका बाजूचे कुलूप कधीच पूर्ण लागणार नाही.

बोल्टांच्या बाबतीत मात्र थोडे थांबून वाचावे, कारण सर्वांत घातक चूक इथे होते. हार्डवेअरच्या दुकानात ‘१० मिमीचा बोल्ट द्या’ म्हटले, की मिळणाऱ्या बोल्टच्या दोन आट्यांमधले अंतर बहुधा १.५ मिमी असते. जपानी घडणीच्या गाड्यांत त्याच जाडीच्या बोल्टचे हे अंतर सहसा १.२५ मिमी असते. दुकानातला बोल्ट दीड-दोन फेरे हाताने आत जातो, मग जड होतो, आणि पान्याने ओढला की नटाचे आटे खात शिरतो. वरून पाहणाऱ्याला बोल्ट घट्ट बसलेला दिसतो. माझ्या गाडीच्या तीन बोल्टांना १४चा पाना लागत होता आणि एकाला १७चा. तो चौथा बाहेर काढला, तेव्हा त्याच्या आट्यांत नटाच्या धातूची चकचकीत तार गुंडाळलेली होती. पूर्वी कोणत्या गॅरेजात ते काम झाले होते हे शोधण्यात अर्थ नव्हता. नट बदलून घ्यावा लागला.

म्हणून नवा बोल्ट घेताना जुना नमुना सोबत न्यावा, आटे आट्यांत बसवून उजेडाकडे धरून पाहावेत, लांबी मिलिमीटरने जुळवावी आणि डोक्यावर ८.८ हा मजबुतीच्या दर्जाचा आकडा पाहून घ्यावा. पुण्यात नाना पेठेत किंवा मुंबईत कुर्ल्याला सुट्या भागांच्या दुकानांत नमुना दाखवला, की योग्य बोल्ट सहज मिळतो.

सावधान: सीट बेल्टचे बोल्ट वेगळे असतात. त्यांचे आटे बहुतेक गाड्यांत ७/१६ इंची, बारीक घडणीचे असतात. जाडी सुमारे ११.१ मिमी भरते. त्या भोकात १० मिमीचा बोल्ट सैलसर जातो आणि दोन-चार आटे पकडल्यासारखा वाटतो. तो कधीही लावू नये.

१०. दुसऱ्या गाडीची सीट बसवायची असेल तर

पुढची व मागची भोके यांतले अंतर, डाव्या-उजव्या रेलांतले अंतर पुढे आणि मागे वेगवेगळे, दोन्ही कर्ण, आणि पुढचे पाय मागच्यापेक्षा किती उंचीवर आहेत, ही सगळी मापे जुन्या आणि नव्या सीटची घ्यावीत. नुसती लांबी-रुंदी मोजून सीट घेतली, तर कर्ण आणि उंची घरी आल्यावर दगा देतात. मापे जुळत नसतील, तर पत्र्याला नवी भोके पाडून खाली वॉशर लावणे हा मार्ग नाही. धक्क्यात वॉशर पातळ पत्र्यातून आरपार येतो. आसनांची संख्या नोंदणी प्रमाणपत्रावर लिहिलेली असते आणि तिच्याशी विसंगत बदलाला मोटार वाहन अधिनियम, १९८८च्या कलम ५२ची आडकाठी आहे, म्हणून मागचा बाक कायमचा काढून सामानाची जागा करण्याचा विचार असेल तर आधी आरटीओत चौकशी करावी.

११. सीट परत बसवणे

पहिली गोष्ट, सीट आत नेण्यापूर्वी चारही बोल्ट रिकाम्या भोकांत बोटांनी शेवटपर्यंत फिरवून पाहावेत. जो बोल्ट बोटांनी जात नाही, तो सीट ठेवल्यावर जाणार नाही.

कार्पेट नीट पसरून भोके मोकळी करावीत. रेलचा पाय आणि पत्रा यांच्यामध्ये कार्पेटचा किंवा नमद्याचा तुकडा राहिला, तर तो हळूहळू दबतो आणि आज घट्ट असलेला बोल्ट महिन्याने सैल होतो. त्यानंतर सीट मधल्या खाचेत कुलूपबंद करून आत ठेवावी आणि वायर, बकल मोकळे आहे हे पाहावे.

आता चारही बोल्ट हाताने लावावेत. बोल्ट भोकावर ठेवून आधी उलटा फिरवावा. आटे जुळले की तो किंचित खाली बसल्याचे बोटांना जाणवते, आणि तिथून सुलटा फिरवावा. प्रत्येक बोल्ट किमान चार फेरे बोटांनी गेलाच पाहिजे. एखादा बोल्ट भोकाशी येत नसेल, तर बाकीचे आणखी सैल करून सीट हलवावी. बोल्टला पान्याने ओढून जागेवर आणू नये.

चारही लागल्यावर सगळे हलके टेकेपर्यंत आवळावेत, लीव्हर ओढून सीट या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकवावी, आणि ती कुठे जड होत नसेल तरच पूर्ण आवळावे. रेल जड होत असतील, तर त्या एकमेकींना समांतर बसलेल्या नाहीत. आवळण्याचे मोजमाप गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधलेच घ्यावे. ते हाताशी नसेल, तर ८.८ दर्जाच्या कोरड्या आट्यांच्या बोल्टांसाठीचे सर्वसाधारण अंदाज ८ मिमीला सुमारे २५ न्यूटन-मीटर आणि १० मिमीला ४५ ते ५० न्यूटन-मीटर असे आहेत. आट्यांना ग्रीस लावून हेच आकडे वापरले, तर बोल्टवर अपेक्षेपेक्षा बराच जास्त ताण येतो. म्हणून आटे कोरडे ठेवावेत आणि गंज टाळण्यासाठी, आवळून झाल्यावर, खाली बाहेर आलेल्या टोकांवर अंडरबॉडी कोटिंग लावावे.

१२. गाडी रस्त्यावर नेण्यापूर्वी

वायर जोडून मग बॅटरीचा निगेटिव्ह लावावा. सीटवर बसून पाय पुढे टेकवून पाठ जोरात मागे रेटावी, मग स्टीअरिंग धरून पुढे ओढ घ्यावी. ‘खट्’ असा आवाज येऊन सीट एक खाच सरकली, तर एका बाजूचे कुलूप बसलेले नाही. ते निस्तरेपर्यंत गाडी हलवू नये, कारण चढावर सीट मागे गेली की पाय क्लचपर्यंत पोचत नाही. दर दोन खाचांनी ही कसोटी घ्यावी, एकाच जागी नाही.

बेल्ट पूर्ण बाहेर ओढून त्याला पीळ नाही हे पाहावे, बकल लावून झटका द्यावा, आणि बकल सीटच्या व बोगद्याच्या मध्ये अडकत नाही याची खात्री करावी. त्यानंतर मोकळ्या मैदानात, गाडीत दुसरे कोणी नसताना, ताशी २० किमी वेगाने दोन-तीनदा जोरात ब्रेक मारावा.

साधारण आठवड्याने किंवा २०० किमीनंतर टॉर्क पाना पुन्हा त्याच आकड्यावर लावून चारही बोल्ट तपासावेत. एकच बोल्ट वारंवार सैल सापडत असेल, तर तो आणखी जोरात आवळू नये. काढून त्याचे आटे पाहावेत आणि रेलच्या पायाखाली नमद्याचा धागा राहिला आहे का ते बोटाने चाचपावे.